मी न बुडवलेली घटिका

आमच्या घरात पंचांग कधी आलंच नाही. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला, देव्हाऱ्यातले टाक नदीत सोडले, आणि त्यानंतर आमच्याकडं दिवस दोनच उरले – कामाचा आणि बाजाराचा. माझा जन्म मुखेडच्या बाजाराच्या दिवशीचा, एवढं आईला पक्कं माहीत आहे. वेळ विचारली तर म्हणते, "म्हशी सोडल्या तवा." माझं लग्न रविवारी झालं, कारण रविवारी नवऱ्याला सुट्टी असते. बारा वर्षं झाली, संसार नीट चालू आहे.

हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी म्हणू नये की बाई मुळातच भाबडी होती. मी बी.एस्सी. नर्सिंग आहे. आमच्या घराण्यात दहावीच्या पुढं गेलेली पहिली. फुशारकी म्हणून नाही सांगत... नाही, फुशारकीच आहे, आणि ती मी मारणार. भुताखेतांचे अनुभव लोक इथं लिहितात, मी ते वाचते आणि मनात म्हणते, याचा बीपी तपासायला पाहिजे. आता माझा तपासा.

लातूरच्या एका खासगी प्रसूतिगृहात मी तेव्हा सिस्टर होते. नाव देत नाही. आमच्याकडं मुहूर्तावरची सीझर नवीन नव्हती. लोक गुरुजींकडून चिठ्ठी आणत, डॉक्टर मॅडम ती बघत, जमत असेल तर हो म्हणत. मॅडमचं म्हणणं सरळ होतं – "सीझर करायचंच आहे, मग अकरा काय आणि बारा काय. पेशंट खूश तर आपण खूश." मला ते पटायचं नाही. मी चिठ्ठी फाइलला टाचायची आणि गप्प बसायची.

त्या शुक्रवारी औशाची पल्लवी होती. वय तेवीस, पहिलंच बाळंतपण, बाळ पायाळू. सीझर ठरलेलं. वेळ चिठ्ठीत लिहिलेली – बारा वाजून चोवीस मिनिटांनंतर, त्याच्या आत नाही. शुक्रवारचा राहुकाळ तोवर असतो म्हणे. छापील पंचांगात वेगळी वेळ होती, पण त्यांच्या गुरुजींनी ही वेळ खास औशा-लातूरच्या सूर्यावरून काढली होती.

माणसं दोन जीप भरून आली होती. पल्लवीचा नवरा पुण्याहून निघालेला, अजून वाटेतच. इथं कर्ते दोघं – सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, आणि मोठा दीर गणेश. गणेश आडवा माणूस, बोलणं कमी. सकाळपासून तो ओटीच्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरच्या, वाटेवरच्या लोखंडी चॅनल गेटला टेकून उभा होता. मी दोनदा हटकलं.

"दादा, इथं थांबता येत नाही."

"मी थांबून राहिलो ना. मंग?"

त्यांच्या बरोबरच्या एका बाईनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "त्याला बोलू नका सिस्टर. त्याची बायको दोन वर्षांमागं अशीच गेली. दुसऱ्या दवाखान्यात. डॉक्टर म्हणले घाई हाय, नेलं आत, आणि चादर टाकूनच भाईर आणलं. लेकरू बी गेलं. वेळ बघितली नव्हती तवा."

मग मी त्याला हटकलं नाही. ती माझी चूक. गेटचं कुलूप तिथंच कडीला लटकत असायचं, किल्ली त्यातच. आम्ही ते कधी लावत नसू.

बाराला दहा कमी असताना पल्लवीनं बेल दाबली. मी गेले तर ती पलंगावर दुमडून पडलेली. पोटाला हात लावला – लाकडाच्या फळीसारखं घट्ट. चादर उचलली. नर्सिंग केलेल्या माणसाला अशा वेळी कुणी काही सांगावं लागत नाही. वार आतल्या आत सुटली होती. बाळाचे ठोके एकशेचाळीसच्या जागी ऐंशीवर आलेले. मॅडम आणि भूलतज्ज्ञ दोघंही ओटीत तयारीत होते. फोन केला. मॅडम एवढंच म्हणाल्या, "आण. आत्ता आण."

पल्लवीनं संमतीच्या कागदावर स्वतः सही केली. तिच्या बोटांना रक्त होतं, ते त्याला लागलं. मी आणि वॉर्डातले शेषराव मामा – पन्नाशीचे, वीस वर्षं तिथं काम केलेले – स्ट्रेचर घेऊन पळालो.

गेट बंद होतं. कुलूप लावलेलं. किल्ली गणेशच्या खिशात.

"बारा चोवीसला," तो म्हणाला.

मामा म्हणाले, "अरे बाबा, पोरगी मरंल. उघड."

मामांनी त्याच्या खिशाकडं हात नेला. शेजारी ऑक्सिजनच्या सिलिंडरवर तो उघडायचा लोखंडी पाना ठेवलेला असतो. गणेशनं तो उचलला आणि मामांच्या कानावर घातला. एकदाच. मामा भिंतीला घासत खाली बसले, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याची एक बाजू बघता बघता लाल झाली. जीपमधून आलेले बाकीचे सरसावले – मारायला का सोडवायला, कुणास ठाऊक. औषधांच्या कपाटाची काच फुटली. सलाइनचा स्टँड कुणीतरी गेटवर हाणला. आतून मॅडम गेट हलवत ओरडत होत्या, ते आवाजात आवाज मिसळून काहीच कळेना. मी गणेशच्या तोंडात मारली. जोरात मारली. त्यानं डोळासुद्धा मिटला नाही.

"एकीला तुमच्या घाईनं खाल्लंय," तो म्हणाला. "हिला खाऊ देणार न्हाई."

तो हे रागानं म्हणत नव्हता हो. तिला वाचवत होता तो.

मी अण्णांकडं वळले. "अण्णा, तुमच्या घड्याळात किती वाजलेत बघा, माझ्या घड्याळात किती बघा. दहा मिनिटांत ही संपेल. चोवीस मिनिटं नाहीत तिच्याकडं."

एकानं माझ्या छातीवरच्या पट्टीवरचं आडनाव वाचलं. "तुम्हाला काय कळतंय मुहूर्तातलं? तुमच्यात कुठं आसतंय ते."

"आमच्यात नसतं, म्हणून तर आमच्या बाया जगल्या," मी म्हणाले. खरं तर आमच्याही बाया मेल्यात बाळंतपणात, कितीतरी. पण त्या वेळी तेच तोंडात आलं.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा एकोणसाठ, अण्णांच्या मोबाइलवर अकरा अठ्ठावन्न, माझ्या मनगटावर बारा. यावरूनही भांडण लागलं. मग अण्णांनी हात वर केला.

"घड्याळं बास. गुरुजी, घटिका लावा. आपल्या घरात सगळी कार्यं तिच्यावर झाली. ती बुडाली की वेळ झाली. मग कुणी आडवं येणार न्हाई. गण्या, ऐकलं का?"

गणेशनं मान हलवली.

गुरुजी तोवर बाकावर बसून होते. पंचाहत्तरीचे, काटकुळे, अंगात खादीची बंडी. त्यांनी पिशवीतून तांब्याची एक वाटी काढली. अर्ध्या नारळाएवढी, बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी सांगते – रिकामी वाटी पाण्यावर सोडायची. भोकातून पाणी हळूहळू आत येतं, आणि बरोबर चोवीस मिनिटांनी ती भरून बुडते. जुन्या काळी लग्नाची वेळ अशी मोजत.

नातेवाइकांच्या पातेल्यात पाणी होतं. गुरुजींनी ते बाकावर ठेवलं, वाटीला उद्देशून काहीतरी मंत्र पुटपुटले आणि वाटी सोडली. गुरुजींच्या हिशेबानं तेव्हा बरोब्बर बारा.

मी जवळ सरकले तसे ते म्हणाले, "पाण्याला हात लावू नका."

माझं डोकं फिरलं. "का, विटाळ होईल?"

"कुणीच लावायचा नसतो, बाई. मीसुद्धा नाही. सोडली की ती तिची."

एक मिनिट गेलं. दोन गेली. मी पल्लवीच्या दोन पायांमध्ये कापडाचे गठ्ठे दाबून धरले होते. हातमोजे मनगटापर्यंत रक्तानं भरलेले. ती आधी कण्हत होती, मग कण्हणं थांबलं. ओठ पांढरे पडले. ठोके ऐकायचं यंत्र लावलं – साठ. स्ट्रेचरच्या एका चाकाजवळ रक्ताचं थारोळं झालं आणि त्यातून एक रेघ उतारानं शेषराव मामांच्या पायापर्यंत गेली. मामा शुद्धीत होते. त्यांनी पाय आखडून घेतला. तिच्या रक्ताला आपला पाय लागू नये असं त्यांना वाटलं असेल. त्या गोंधळात मला तेवढंच स्पष्ट दिसलं.

वाटीत पाणी जेमतेम बोटभर आलं होतं.

मी गुरुजींना म्हणाले, "तुम्हाला दिसतंय ना समोर? दाबा ती खाली. एका बोटाचं काम आहे."

त्यांचे डोळे भरलेले. "मी आयुष्यात खोटी वेळ सांगितली नाही."

"मग आज सांगा."

हात उचलावा असं त्यांच्या मनात आलंही असेल. पण तो मांडीवरून हलला नाही. ते पुन्हा मंत्र पुटपुटायला लागले.

मघाच्या त्या नातेवाईक बाईला मी म्हटलं, इथं दाब, आणि पातेल्याकडं झेपावले. उजव्या हाताचं पहिलं बोट पुढं काढलेलं. वाटी आणि बोट यांच्यात वीतभरसुद्धा अंतर राहिलं नव्हतं. तेवढ्यात गणेशनं ते बोट मुठीत पकडलं.

"शिवायचं न्हाई."

"सोड."

त्यानं बोट मागं वाकवलं. मनगटाच्या दिशेनं, हळू, जसं कुणी ओली फांदी वाकवतं. हाडाचा आवाज मी ऐकला. ओरडले का नाही ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की माझे डोळे वाटीवर होते.

वाटी हलली. एका काठाला कुणीतरी वरून दाब दिल्यासारखी ती कलली, थांबली, आणि मग तो काठ पाण्याखाली गेला. बुडबुडा आला. वाटी पातेल्याच्या तळाला लागली, टण्ण.



गणेशच्या मुठीत माझं मोडलेलं बोट तसंच होतं.

कुणीतरी म्हणालं, "बारा सात झालेत फकस्त."

अण्णा पातेल्यात बघत होते. मग त्यांनी गणेशकडं बघितलं. "बुडाली," ते म्हणाले. "घड्याळं मसणात घाल. बुडाली ती. उघड."

गणेशला किल्ली कुलपात घालता येईना. शेवटी अण्णांनी ती हिसकावली. मी डाव्या हातानं स्ट्रेचर ढकललं. माझ्या जागी मॅडमजवळ दुसरी सिस्टर उभी राहिली. चार मिनिटांत बाळ बाहेर आलं – मुलगी, निळसर, पहिल्यांदा रडली नाही. मग रडली.

तो आवाज बाहेर गेला आणि बाहेरून धप् धप् असा आवाज आत आला. गणेश भिंतीवर कपाळ आपटत होता. चौघांनी धरेपर्यंत त्यानं भिंतीवर तांबडा गोल काढला होता. ती भिंत नंतर रंगवली, तरी पावसाळ्यात तिथं ओल येते आणि डाग उमटतो. त्याचं कारण मला माहीत आहे – निकृष्ट रंग. सगळ्याच गोष्टी मी अमानवीय म्हणत नाही.

पल्लवीला रक्ताच्या बाटल्या चढवाव्या लागल्या, पण वाचली. दोघीही वाचल्या. मॅडम संध्याकाळी म्हणाल्या, "बारा चोवीसपर्यंत थांबलो असतो तर दोघी गेल्या असत्या." मुहूर्ताच्या चिठ्ठ्या त्या दिवसापासून मॅडम घेत नाहीत. शेषराव मामांना नऊ टाके पडले. पोलीस आले, जबाब झाले, केस अजून चालू आहे.

सगळ्यांची खात्री होती की वाटी मीच दाबली. गणेश म्हणाला, सिस्टरनं दाबली. मॅडम म्हणाल्या, बरं केलंस. माझे वडीलसुद्धा फोनवर म्हणाले, "शाबास गं बाई. बोट गेलं तर गेलं." मी प्रत्येकाला सांगत होते की मी नाही दाबली, आणि प्रत्येकजण हसून म्हणत होता, बरं, नाही दाबलीस.

शेवटी पोलिसांनी कॅमेरा बघितला. वाटेतला कॅमेरा नेमका बाकावरच रोखलेला. त्यात दिसतं – गणेशची मूठ, मुठीत माझं बोट, पाण्याला न टेकलेलं. गुरुजींचे दोन्ही हात मांडीवर. जवळ दुसरं कुणी नाही. आणि वाटी जाते. वाटी सोडल्यापासून सहा मिनिटं आणि काही सेकंद. आणखी एक गोष्ट – माझा हातमोजा रक्तात भिजलेला होता. तो पाण्याला नुसता टेकला असता तरी पाणी लाल झालं असतं. पातेल्यातलं पाणी नितळ होतं. गुरुजींनी ते नंतर तुळशीला घातलं, आमच्या समोर.

भोक मोठं झालं असेल, असं मला वाटलं. महिन्याभरानं गुरुजी आले तेव्हा मी तेच म्हणाले.

एस.टी.नं औशाहून आले होते. पिशवीत वाटी. म्हणाले, "चला, बघू." दवाखान्याच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघांनी बादलीत वाटी सोडली. चोवीस मिनिटं. पुन्हा सोडली. चोवीस. तिसऱ्यांदा चोवीस मिनिटं आणि पाच सेकंद, तीही मी घड्याळाकडं बघायला उशीर केला म्हणून.

मग त्यांनी विचारलं, "बाई, खरं सांगा. कॅमेऱ्याचं राहू द्या. तुम्ही दाबली ना?"

त्यांच्या चेहऱ्याकडं बघून मला कळलं त्यांना काय हवंय. मी हो म्हणाले असते तर त्यांची घटिका खरी राहिली असती – माणसानं मोडली, एवढंच. म्हातारा माणूस सुखानं घरी गेला असता. पण मी जबाबात एक आणि तोंडावर एक असं कधी केलं नाही.

"नाही दाबली, गुरुजी. दाबायची होती. पोचले नाही."

"मग कुणी?"

"ते तुम्ही सांगा. तुमचा विषय आहे."

ते थोडे हसले. मग आपल्या बोटाकडं बघत बसले. "माझंही मनात होतं," ते म्हणाले. "बोट उचललं नाही. ती पोर समोर जात होती आणि मी बोट उचललं नाही." उठताना वाटी तिथंच ठेवली. "आता हिच्यावर वेळ सांगणं मला जमायचं नाही. तुमच्याकडं राहू द्या."

वडिलांना सांगितलं तर म्हणाले, "भोकाचं भांडं घेऊन काय करणार? मीठ ठेवलं तर मीठ बी गळंल."

एक गोष्ट मात्र मी आजवर फक्त नवऱ्याला सांगितली आहे. ती सांगण्यासाठीच हे लिहायला घेतलं.

त्या दुपारी हाडाच्या डॉक्टरांनी बोट सरळ करायला माझा हातमोजा कात्रीनं कापला. मोजा कुठं फाटलेला नव्हता, वरून सगळं रक्त. आतलं बोट पांढरंफटक, सुरकुतलेलं – ते घामानं होतं, मोज्यात नेहमी होतं. पण बोटाच्या पेरावर आडवी रेघ होती, बारीक, खोल, कशाचा तरी काठ रुतल्यासारखी. आणि त्या रेघेत हिरवट काहीतरी. डॉक्टर म्हणाले, "हे काय? तांब्याचं भांडं घासत होता का?" मी फोननं फोटो काढला. मोजा मात्र सवयीनं दवाखान्याच्या कचऱ्याच्या लाल पिशवीत टाकला. नियम तोच आहे.

गेल्या महिन्यात मी घरी कुणी नसताना बादलीत वाटी सोडली आणि बोटानं दाबून बघितली. तेच बोट, आता वाकडं झालेलं. वाटते तितकी ती सोपी नाही दाबायला. पाणी खालून उचलून धरतं, बऱ्यापैकी जोर लागतो. बुडाली तेव्हा बोट बघितलं. पेरावर आडवी रेघ, हिरवट. फोटोशेजारी धरली. तीच जागा, तेवढीच लांब.

जबाबात मी लिहिलंय – मी घटिकेला हात लावला नाही. ते खरं आहे, आजही त्याखाली सही करीन. त्या रेघेसाठी जबाबात रकाना नव्हता, आणि असता तरी मला त्यात काय लिहायचं ते कळलं नसतं.